कानाएवढे केस

नवरा धडधाकट असताना केस कापून घेतलेली आमच्या मोहल्ल्यातली मी पहिली बाई. नंतरही तशी दुसरी कोणी झाली नाही, त्यामुळे तो मान अजून माझ्याकडेच आहे.

ही पन्नासच्या दशकातली ब्रह्मपुरी. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. नवरा लाकडाच्या डेपोत कारकून. घरात आम्ही दोघं, नुकती चालायला लागलेली लेक, लग्नाला आलेली ननंद आणि सासूबाई. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामीजी म्हणायचे. शेतीचं सगळं त्या बघत. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून त्या नुसत्या खाकरल्या तरी बांधीतल्या चिखलात वाकलेल्या बायांचे हात भराभर चालायचे.

लेक झाली त्या वर्षी माझे केस मुठीमुठीने गळाले आणि उरले ते पांढरे व्हायला लागले. वय तिशीच्या आतलं. त्यातच डोक्यात कोंडा सुरू झाला. मी त्याला कोंडाच समजत होते. शिकेकाई झाली, लिंबू झालं, मामीजींनी करंजाचं तेल चोळून दिलं. कोंडा हटायच्या ऐवजी जाड होत गेला. चांदीच्या वर्खासारख्या खपल्या यायच्या. नखाने एखादी उचकटली की खाली लालभडक कातडी आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब. फळ्याशी उभी राहिले की खांद्यावर पांढरं पडायचं. पोरी म्हणायच्या, "बाई, खडू सांडला." मी खांदा झटकायची आणि पुढची बेरीज घालायची. खडूने माझी बरीच लाज राखली. मी काळी-निळी पोलकी घालणं मात्र सोडून दिलं.

ननंदेचं लग्न वैशाखात ठरलं. ती माझी लाडकी होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. एक दिवस माझी वेणी घालता घालता म्हणाली, "वहिनी, लग्नात तू माह्यापेक्षा सुंदर दिसली तरी चालन, पण माह्या मायची बहीण नको दिसू." आम्ही दोघीही पोट धरून हसलो. पण ते मला लागलंही. मी नवऱ्याला सांगितलं आणि त्याने नागपूरहून कलप आणला. दोन बाटल्या होत्या. एकीत काळं पाणी, दुसरीत हलवलं की फेस येणारं. दोन्ही वाटीत मिसळायचं आणि जुन्या ब्रशाने केसांना लावायचं.

लावताना चरचरलं. मी म्हटलं, चालायचंच, रंग चढतो आहे. धुतल्यावर केस असे काळेभोर निघाले की नवरा डेपोतून आला तो दारातच थांबला. "वा! नवी बायको केली का मी?" म्हणाला. त्या संध्याकाळी मी आरशासमोरून हललेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आरशात मी मला ओळखलं नाही. कपाळ फुगून भुवयांवर आलं होतं, डोळ्यांच्या जागी दोन फटी. कानामागून पाणी झरत होतं. आणि दारात मांडव घातलेला! मामीजींनी मला एकदा पाहिलं, लेकीच्या हळदीची वाटी तशीच हातात धरून त्या बाहेर गेल्या आणि जमलेल्या बायांना ठणकावून सांगितलं, "सुनेले मोहोळाच्या माशा चावल्या." लग्नभर मी डोक्यावरून पदर ओढून माजघरात बसून होते. येणारी प्रत्येक बाई माशांवरचा एकेक उपाय सांगून जायची. ननंद सासरी जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, मग माझं तोंड बघून हसली, मग पुन्हा रडली.

सूज उतरली, पण डोकं पूर्वीसारखं झालं नाही. पावसाळ्यात केस वाळत नसत आणि खाज थांबत नसे. दिवाळीपर्यंत खपल्यांचा थर डोकंभर पसरून कपाळावर दिसायला लागला. आता खडूचं निमित्त पुरण्यासारखं नव्हतं. लेक मांडीवर बसून माझ्या कपाळाकडे बोट करायची, तेव्हा मी तिचा हात धरून खाली घ्यायची. हिला लागलं तर?

शेवटी मीच म्हटलं, चांद्याला जाऊ.

मी आणि नवरा अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने निघालो. ती गाडी मूल गावापर्यंत रमतगमत जायची आणि पुढे जंगलात शिरली की आणखीच रमायची. सरकारी दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक महारोगाचा माणूस बसला होता. लोक त्याच्यापासून सरकून बसत होते. माझं कपाळ बघून ते माझ्यापासूनही सरकले. त्या बाकावर आम्हा दोघांना ऐसपैस जागा झाली.

डॉक्टर उतारवयाचे होते. त्यांनी डोकं बघितलं, मग न विचारता माझी नखं बघितली. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे होते, ते मी कधी लक्षात घेतलेच नव्हते. मग कोपर वर करायला सांगितलं. तिथेही तसाच एक चट्टा.

"याला सोरायसिस म्हणतात," ते म्हणाले. "हा महारोग नाही. आणि हा लागत नाही."

"माझी लेक लहान आहे."

"तिला मांडीवर घ्या, तिचे मुके घ्या, तिच्याबरोबर एका ताटात जेवा. लागत नाही म्हणजे लागत नाही."

मी तिथे रडले. दुसऱ्यांदा विचारलं, त्यांनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. मग मी डोळे पुसून कलपाची हकीकत सांगितली.

"रोग कलपामुळे झाला नाही, तो आधीच होता," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्हाला कलप सोसत नाही आणि त्या जखमेने रोगाला रान मोकळं मिळालं. पुन्हा कलप लावायचा नाही."

"कधीच?"

"कधीच. आणि हेही ऐकून ठेवा, हा रोग मुळातून जात नाही. थंडीत वाढेल, उन्हाळ्यात कमी होईल. तुम्ही त्याला सांभाळायला शिकायचं."

सांभाळायचं कसं, तेही त्यांनी नीट सांगितलं. संध्याकाळी कोमट खोबरेल लावून खपल्या मऊ करायच्या, ओढून काढायच्या नाहीत. मग धुवायचं आणि कातडीला डांबराचं मलम लावायचं. सकाळचं कोवळं ऊन डोक्यावर घ्यायचं. खाजवायचं नाही. कंपाउंडरने मलम डबीत भरून दिलं. काळंकुट्ट, आणि वास रुळाखाली घालायच्या, डांबर पाजलेल्या लाकडी स्लीपरांचा. निघताना डॉक्टर म्हणाले, "एवढ्या केसांतून औषध कातडीपर्यंत पोहोचणार नाही. कानाएवढे कापून टाकले तर काम होईल. बघा तुमच्या घरी चालतं का."

परतीच्या गाडीत नवरा मलमाची डबी मांडीवर धरून बसला होता. नागभीड गेल्यावर म्हणाला, "केस तुये हायेत. मले विचारू नको."

"मी विचारलंच कुठे?"

"नाई, म्हटलं, सांगून ठेवावं."

तरी आधी मी न कापता करून पाहिलं. भांग पाडत पाडत मलम लावायचे. ते केसांनाच चिकटून राहायचं. उशी काळी, पदर काळा, लेकीचे हात काळे. डोकं मात्र होतं तसंच. चिडून एक दिवस मी जेवताना सांगून टाकलं, "मामीजी, मी केस कापणार आहे."

त्यांचा घास हातातच राहिला. "काऊन वं? माहा लेक मेला का?"

हेच येणार हे मला ठाऊक होतं. केस उतरवायचे ते विधवेने. बाईच्या केसांसाठी न्हावी घरात येतो तो नवरा गेल्यावरच. मी म्हटलं, "तुमचा लेक समोर बसून तिसरी भाकर खाऊन राह्यला आहे. मला डोकं बरं करायचं आहे."

नवऱ्याने भाकर खाली ठेवली. मामीजी ताटावरून उठल्या आणि शेतावर निघून गेल्या. दोन-तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या डोक्याकडे मात्र रोज बघायच्या. एकदा मी अंगणात केस सोडून बसले होते, तेव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाताने केस बाजूला करून आतलं सगळं नीट पाहिलं. तोवर त्यांनी ते असं उजेडात पाहिलं नव्हतं.

"येवढं दुखते?"

"दुखत नाही तितकं. खाजतं."

त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाट मांडलेला होता. "बस," म्हणाल्या. "न्हावी माह्या घरात नाई येणार. मीच कापीन."

पण आधी त्यांनी मला हळदीकुंकू लावलं. पदर पसरायला लावून माझी तांदळाने ओटी भरली, सवाष्णीची भरतात तशी सगळ्या रीतीने. नवऱ्याला हाक मारून समोर उभं केलं. "इथीच राह्य. साऱ्या दुनियेनं पाह्यलं पायजे तू जिता हाये म्हणून." मग गोधड्यांची मोठी कात्री घेतली आणि माझी वेणी मानेशी धरून कापली. कात्री बोथट होती. तरी त्या थांबल्या नाहीत. कानाच्या पाळीला लावून लावून त्यांनी बाकीचे केस सारखे केले, मागे सरून बघितलं आणि म्हणाल्या, "पोरावानी दिसते." मग पदर डोळ्यांना लावून न्हाणीचं पाणी तापवायला गेल्या.

माझी मान एवढी हलकी झाली होती की मी उगीचच ती इकडेतिकडे फिरवत बसले होते.

शाळेत पहिल्या दिवशी पोरी टकमक बघत राहिल्या. पाढे सुरू केल्यावर विसरल्या. पण चौथीतली एक हुशार पोरगी यायची बंद झाली. धानाच्या एका व्यापाऱ्याची ती मुलगी. विचारलं तर दुसरी एक म्हणाली, "तिची आई म्हणते, बाईच्या डोक्याले महारोग झाला."

शाळा सुटल्यावर मी थेट त्यांच्या घरी गेले. व्यापाऱ्याची बायको दारातच उभी राहिली. मला चटई टाकली ती ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला.

"चटई जवळ घ्या," मी म्हटलं. "मला बोलायचं आहे, ओरडायचं नाही."

तिने चटई थोडी ओढली. "लोक म्हणतात, महारोग हाये."

"लोक चांद्याच्या डॉक्टरकडे गेले नव्हते. मी गेले होते. महारोगात कातडी बधिर होते. माझी इतकी खाजते की बधिर झाली असती तर बरं, असं वाटतं."

"पोरगी माही एकुलती एक हाये, मास्तरीणबाई."

"माझीही एकच आहे. दिवसभर माझ्या मांडीवर असते. लागणारं असतं तर आधी तिला लागलं असतं. तिच्या अंगावर डाग नाही. हवं तर घरी येऊन बघा. आणि हे इथेच बघा." मी पदर मागे घेतला.

ती पुढे झाली नाही, पण मान लांब करून तिने पुरेपूर बघितलं. "वास कायचा येते?"

"मलमाचा. डांबर असतं त्यात."

"बाई माय! इस्टेशनात आल्यावानी वाटते," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मग चहा आला. पोरगी पुढच्या सोमवारी शाळेत आली. पहिले काही दिवस आईने सांगितल्याप्रमाणे शेवटच्या रांगेत बसली. मग तिला फळा दिसेना, म्हणून आपणच पुढे आली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही घरांतून मामीजींना बोलावणं आलं आणि मला आलं नाही. मामीजी त्या घरांना गेल्या नाहीत. कारण कोणी विचारलं तर "पाय दुखून राह्यले" म्हणायच्या, आणि जिथे दोघींना बोलावलं होतं तिथे मैलभर चालत माझ्यापुढे जायच्या.

मलमाने आणि उन्हाने काम केलं. होळीपर्यंत कपाळ मोकळं झालं. चैत्रात अंगणात मोहफुलं वाळत पडायची आणि त्यांच्याशेजारी मी उघड्या डोक्याने वह्या तपासत बसायची. मामीजी दोन्हीकडून कोंबड्या हाकायच्या. तोवर खपल्या जवळजवळ गेल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात त्या परत आल्या. मी घाबरले नाही. डबी काढली, खोबरेल कोमट केलं आणि कामाला लागले. असं दरवर्षी चाललं. कधी जास्त, कधी कमी. काळजी वाढली की तेही वाढायचं, हे मला हळूहळू कळलं. त्या दिवसांत मी रागवायचंही थोडं कमी केलं.

केस पुन्हा वाढवले नाहीत; वाढले की मामीजी त्याच कात्रीने कापून द्यायच्या. काही वर्षांत ते पुरते पांढरे झाले आणि मला ते शोभायचे, असं मी आजही म्हणते. तपासणीला येणारे साहेब मला वयाने मोठी समजून आधी खुर्ची द्यायचे. ननंद माहेरपणाला आली की माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "वहिनी, आता तू माह्या मायची मायच दिसते." आणि मामीजी तिला लाटणं उगारून दटावायच्या.

पुढे माझी गोंडपिपरीला बदली झाली. नवं गाव, नवी शाळा. पहिल्या दिवशी वर्गात गेले तेव्हा थंडी होती, डोकं खपल्यांनी भरलेलं होतं आणि समोर अनोळखी चेहरे माझ्याकडे टक लावून बघत होते. मी पदर खांद्यावर सोडला.

"पोरींनो, माझ्या डोक्यावर हे जे दिसतं आहे तो एक कातडीचा आजार आहे. तो दुखत नाही आणि कोणाला लागत नाही. कोणाला काही विचारायचं आहे?"

मागच्या रांगेतल्या एकीने हात वर केला. "बाई, केस कोण कापून देते?"

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "आता पाट्या काढा."