चांगुणामावशीच्या डोळ्याचा फोटो

आधी चूक कबूल करतो. एका बाईचा डोळा न तपासताच मी तिच्या कागदावर आकडा लिहिला. गोष्ट ९४-९५च्या सुमाराची. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही... पण पुढे जे घडलं ते कुठे बसवावं, कळत नाही.

पेणच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी टेक्निशियन होतो. ज्यांच्या डोळ्याला आतून वारंवार सूज येते, त्यांच्या कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याच्या, पेशी आमच्या डॉक्टर मॅडम तपासत. मशीनने फोटो काढायचा, प्रिंटवर लाल पेनाने ठिपका देत एकेक पेशी मोजायची, हे माझं काम. शंभरावा ठिपका मी चौकोनी करायचो, ही माझी खोड. या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. त्या कमी असताना मोतीबिंदू काढला तर कॉर्निया कायमचा पांढरा पडून नजर जाऊ शकते.

चांगुणामावशी जवळच्या गडब गावची, मिठागरात राबणारी. एक डोळा आधीच गेलेला. उरलेल्या डोळ्यात सूज येऊन येऊन मोतीबिंदू झालेला.

"माज्या लगनात पन कोनी फोटो नाय काडला," बाकावर बसून ती हसत होती, "आनि तुमी डोल्याचा काडताव!"

दुपारी तेच मशीन जीपने रोह्याच्या कॅम्पला न्यायचं होतं. रोहा माझी सासुरवाडी... जेवायला कोंबडीवड्यांचा बेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दहा मिनिटांचं काम होतं हो! "बसा मावशी, आलोच," म्हणालो, मशीन पेटीत भरलं आणि निघालो. रोह्यात जेवण झाल्यावर तिच्या कागदावर एक चांगलासा आकडा लिहून टाकला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी बोलावलं.

"अहो, हा आकडा कुठून आणलात? फोटोत तर निम्म्याही पेशी नाहीत!"

फाइलला प्रिंट लावलेली होती. लाल ठिपके. शंभरावा चौकोनी.

मॅडमनी पुन्हा तपासलं — प्रिंट खरी निघाली. ऑपरेशन थांबलं, होती तेवढी नजर राहिली. मशीनमधला त्या दिवसाचा फिल्मचा रोल मी तीनदा पाहिला. ती फ्रेम त्यात नव्हती. "लिहिताना चूक झाली," एवढंच मॅडमना म्हणालो.

चार वर्षं गप्प राहिलो. नोकरी सोडली तेव्हा मात्र राहवेना, गडबला गेलो. मावशी ओट्यावर सुकट निवडत होती, त्याच डोळ्याने. सगळं सांगितलं.

"काय बोलताव? तुमी आलाव ना परत, दुपारीच!" ती म्हणाली. "पेटी घेऊन आलाव. माजी हनवटी टेकवलीव, फोटो काडलाव. जाताना बोललाव, 'मावशी, चुकलो, तुम्हाला बसवून ठेवलं.'"

त्या दिवशी आम्ही रोह्याहून परतलो ते दिवेलागणीनंतर. मशीन सगळा वेळ माझ्यासमोर होतं.

"मंग माफी कितीदा मांगताव?" मावशी हसली.

"तो कोण होता, मला ठाऊक नाही. मी नव्हतो, मावशी." मी वाकून तिच्या पायांना हात लावला. "मी आज आलोय. चुकलो."