बाबांच्या गालातला नमुना

"तोंड उघड," सर म्हणाले. माझ्या बाबांना.

बाबा साठीचे. सर चाळिशीचे. एकोडीच्या तलावाच्या पाळीवर बाबा उकिडवे बसले होते, अंगावरचं पाणीही वाळलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि काडी होती माझ्या हातात.

आम्ही ढिवर. तलावात मासे धरणारी माणसं. मी शिकले, आणि शहरातल्या एका संस्थेत पीएचडीला लागले. तिथेही मासेच. करंगळीहून लहान, अंगावर निळे पट्टे. माणसाचे आजार समजून घ्यायला जगभरच्या प्रयोगशाळा हा मासा पाळतात, कारण त्याची बरीच जनुकं आपल्याशी जुळतात. काचेच्या टाक्यांत पिढ्यानपिढ्या वाढलेले आमचे मासे सरांना रानातल्या माशांशी ताडून पाहायचे होते. मी म्हटलं, सर, आमच्या तलावात आहेत. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. तिथेच चुकलं माझं.

त्या दिवशी बाबांनी कमाल केली. ही मासोळी जाळ्यात थांबत नाही. बाबांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, धानाच्या बांधीतलं पाणी तलावात उतरतं तिथे लावलं, आणि थोड्या वेळात बादली भरून दिली. सरांचा एक विद्यार्थी कोरड्या हाताने मासा उचलायला गेला, तर बाबा म्हणाले, "ओल्या हातानं धर बापू. कोरड्या हातानं तिचं अंग सोलते." आमच्या पुस्तकातही तेच लिहिलंय. मला फार अभिमान वाटला.

मग सरांनी पाळीवर जमलेल्या आमच्या लोकांकडे पाहिलं. इंग्रजीतून विद्यार्थ्यांना म्हणाले, "आपसातच लग्नं करतात हे. बाहेरचं रक्त नाही. आपल्या टाकीतल्या माशांसारखेच. यांचेही नमुने घेऊन टाका."

सगळे विद्यार्थी हसले. मीसुद्धा हसले. हेही लिहिते. मी हसले.

लोकांना मराठीत वेगळं सांगितलं. "सगळ्यांची तपासणी करतोय. रिपोर्ट कळवू." बारा जण रांगेत बसले. बाबा सातवे.

गालाच्या आतून काडी फिरवायची, चिकटलेल्या पेशी नळीत सोडायच्या. काडी लागली तसे बाबा कळवळले. मी वाकून पाहिलं. आत पांढरा चट्टा होता, कडेला लाल. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेलं तोंड.

"सर, हे बघा ना."

"ते डॉक्टरचं काम," सर म्हणाले. "रक्त लागू देऊ नकोस, नमुना खराब होतो."

मी काडी जरा बाजूला घेतली. नमुना चांगला आला. नळीवर लिहिलं, ए-सात.

आमच्याकडे माशाच्या शेपटीचा इवलासा तुकडा कापायचा तर आधी संस्थेच्या समितीची परवानगी लागते. माशाला गुंगीच्या पाण्यात ठेवतात. वहीत नोंद होते. कापल्यावर तो शुद्धीवर येऊन पोहायला लागेपर्यंत त्याच्याजवळ बसायचं असतं. मी बसायचे. बाबांजवळ नाही बसले, गाडी सुटत होती.

त्यानंतर दर फोनवर बाबा विचारायचे, "काहून वं बाई, रिपोट आला नाई का?"

मी म्हणायचे, "बाबा, तुम्ही दवाखान्यात दाखवा."

"कायले? तुमच्या सायबानं तपासलं ना. काही असतं तं सांगतलं असतं. रिपोट येऊ दे, मंग पाहू."

रिपोर्ट येणारच नव्हता. त्या नळीत कुणी आजार शोधतच नव्हतं. डीएनए काढायचा, यंत्रात त्याच्या लाखो प्रती करायच्या आणि आमची जात किती बंद आहे ते मोजायचं, एवढंच. ते यंत्र मीच चालवत होते. एका वाक्याचं काम होतं. बाबा, ती तपासणी नव्हती. पण ते सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की तुमच्या पोरीने तुम्हाला फसवलं. मला लाज वाटली. "यायचा आहे बाबा," मी म्हणत राहिले.

धान कापणीला आलं तेव्हा त्यांचं तोंड दोन बोटंही उघडेना. आई भात कालवून पेजेसारखा करून द्यायची. मी त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि चिडले. "इतके दिवस काय करत होता?"

बाबांना बोलता येत नव्हतं नीट. तरी ताठ बसले आणि म्हणाले, "माह्या पोरीच्या लॅबमंदी देलं हाय तपासाले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

उन्हाळा लागायच्या आत बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले. शेवटी शेवटी मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. ते कळायला आता काही मार्ग नाही. बाबा नाहीत, आणि त्यांच्या गालातल्या पेशी आमच्या फ्रीझरमध्ये उणे ऐंशी अंशांवर जशाच्या तशा आहेत. रोज त्याच्या दारासमोरून मी जाते.

गेल्या आठवड्यात सरांनी बोलावलं. शोधनिबंध छापायचा तर नमुने देणाऱ्यांची लेखी संमती लागते, असं कळलं होतं. टेबलावर बारा कोरे कागद आणि शाईची डबी.

"तुझ्याच गावचे आहेत. अंगठे घेऊन ये. तारीख मागची टाक."

"बाबा वारले, सर."

"हो, ऐकलं. वाईट झालं. त्यांचा तू लाव ना. कोण बघतंय?"

"नाही लावणार."

सरांना वाटलं, मी रडेन आणि ऐकेन. मग त्यांचा आवाज चढला. "इथे येण्याआधी काय करत होतीस तू? मासे धरत होतीस. मी तुला मशीनवर बसवलं."

"हो सर," मी म्हटलं. "आम्ही मासे धरतो. खोटं सांगून नाही धरत."

कागद तिथेच ठेवून मी बाहेर आले. बसून संस्थेच्या नीतिमत्ता समितीला पत्र लिहिलं. संमती नव्हती, तपासणी म्हणून सांगितलं होतं, काडी मी फिरवली होती. दोषी म्हणून पहिलं नाव माझं घातलं, दुसरं सरांचं. बाराही नमुने वापरू नका, असं लिहिलं. माझी पीएचडी यात जाणार, हे मला कळतं. जाऊ दे.

पत्र पाठवून मी एकोडीला आले आहे. उरलेल्या अकरा जणांच्या दारात जाणार आहे. जी तपासणी झालीच नाही, तिचा रिपोर्ट येणार नाही, हे मी स्वतः सांगणार. शिव्या देतील, खाईन. कुणी अंगावर धावून आलं तर हलणार नाही. आणि प्रत्येकाला भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन जाईन.

पहिलं घर शेजारच्या सुगंधाकाकूचं. आज सकाळी मला पाहताच तिने दारातून विचारलं, "बाई, माहा रिपोट आणला का वं?"