पुरावा शोधत खारबावपर्यंत

भिवंडीला निघाले आहे म्हटल्यावर शेजारच्या मालतीबाईंनी पहिला प्रश्न केला, "कापड आणायला?" मी म्हटलं, "नाही, शिकवायला." ते काही त्यांना फारसं पटलं नाही. जमलं तर उशांच्या अभ्र्यांसाठी कापड बघ, असं सांगून त्यांनी मला निरोप दिला आणि मी नाशिकहून एसटीत बसले.

मी निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर लोकांना "पुस्तक वेळेवर परत करा" म्हणून दटावलं, आणि आता दटावायला कुणी उरलं नाही म्हणून ऑनलाइन ज्ञानकोशात मराठी लेख लिहिते. तिथं कुणीही लिहू शकतं. अट एवढीच, की जे लिहाल ते आधी कुठंतरी छापून आलेलं हवं आणि ते कुठं छापलंय हे खाली सांगायला हवं. हीच अट मुलांच्या गळी उतरवण्यासाठी भिवंडीतल्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या नीलिमा म्हात्रे यांनी मला दोन दिवस बोलावलं होतं.

पडघ्याला गाडी थांबली. हायवेवर ट्रकांची रांग, पलीकडे गोदामांची लांबच लांब पत्र्याची छपरं, आणि दोन गोदामांच्या मधल्या तुकड्यात कुणीतरी अजून हट्टानं भेंडी लावलेली. त्याच भेंडीची टोपली घेऊन एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"कुठं चाललाव?"

"भिवंडीला, कॉलेजात. मुलांना लिहायला शिकवायचंय."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "कॉलेजात जाऊन पन लिवायला शिकवायला लागतं?"

मी वडापाव खात खिडकीबाहेर बघत राहिले.

धामणकर नाक्यावर उतरले तेव्हा चारी बाजूंनी रिक्षा, टेम्पो आणि कापडाचे तागे लादलेल्या हातगाड्या एकमेकांत घुसल्या होत्या, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. शेअर रिक्षावाल्यानं माझी पिशवी उचलली आणि विचारलं, "मॅडम, लोखंड हाय क्या इसमें?" मी म्हटलं, पुस्तकं आहेत. "वो तो लोखंड से भारी," म्हणत त्यानं ती पायाशी ठेवली. कॉलेजच्या दारात उतरताना माझी चप्पल खड्ड्यात अडकून तुटली. नीलिमाताईंनी कपाटातून स्वतःच्या जादा सँडल काढून दिल्या. त्या मला दोन बोटं मोठ्या होत्या, त्यामुळे पहिल्या दिवशी दिवसभर मी वर्गात बदकासारखी फिरले. मुलं हसली नाहीत, हे त्यांचे संस्कार.

वर्गाच्या मागच्या गल्लीत लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग. खिडक्या बंद केल्या तरी खटाक्‌-खटाक्‌ आत येतंच. पहिल्या तासाला मी घसा ताणून "स्रोत म्हणजे काय" हे सांगत होते आणि नेमकी वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले, आणि त्या शांततेत माझे "पुरावा कुठाय?" हे शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेले असावेत. खालून कुणीतरी विचारलं, "क्या चोरी हुआ?" त्यावर मात्र वर्ग मनमोकळा हसला. मीही हसले. या गावात सगळे मोठ्यानं का बोलतात, ते मला तेव्हा समजलं.

मग मुलांनी आणलेले पुरावे बघायला बसले. पडघ्याच्या एका मुलानं आपल्या गावच्या क्रिकेट स्पर्धेवर लेख लिहिला होता आणि पुरावा म्हणून नाक्यावरच्या फ्लेक्सचा फोटो जोडला होता. मी म्हटलं, "अरे, हा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे."

"पन खाली स्पर्धेचं लिवलंय, मॅडम. छापलेलं हाय, रंगीत हाय, सगळ्यांसमोर लावलेलं हाय. आजून काय पायजे?"

या भागात माणसाचं बारसं, दहावी, बढती, सगळं फ्लेक्सवर येतं. फ्लेक्सवर नाही ते घडलंच नाही, अशी इथली रीत. त्यामुळे त्याचं चुकत होतं, तरी ते कुठं चुकतंय हे सांगताना मला बराच घाम गाळावा लागला. शेवटी विचारलं, "ह्या फ्लेक्सवर 'तमाम जनतेचे लाडके' असं लिहिलंय. तेही लेखात घालायचं का?" तो फोटो पुन्हा बघून म्हणाला, "न्हाय. तो आमचा चुलता हाय, मना म्हाईत हाय."

वर्गातली सगळ्यात मनापासून लिहिणारी मुलगी वैष्णवी भोईर. ती जवळच्या खारबावची. तिचा लेख होता धवल्यावर, बऱ्याच आधी ज्ञानकोशात टाकलेला. आगरी लग्नात विधी चालू असताना म्हणायची गाणी म्हणजे धवले, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. वैष्णवीची आजी, हिराबाई, धवलारीण. लेखात एक वाक्य होतं: धवल्यात लूमचं कडवं पहिल्यांदा खारबावच्या हिराबाई भोईर यांनी रचलं. खाली स्रोत म्हणून एका स्थानिक साप्ताहिकातला लेख दिला होता.

"त्या लेखानंतर आजीला परत बोलावणी यायला लागली, मॅडम," वैष्णवी सांगत होती. "मधी सगळे डीजे लावायचे. आजीला दोन गानी झाली की बोलायचे, बस कर. आता शेजारच्या गावातनं माणूस आला, बोलला, ज्यांचं नाव आलंय त्याच आजी पायजेत." दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग संपला की मी तिच्या घरी जेवायला यायचं, हेही तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांच्या जोड्या लावल्या. प्रत्येकानं दुसऱ्याचे स्रोत तपासायचे. वैष्णवीचा लेख आला सुहैल अन्सारीकडे. सुहैलच्या घरी लूमवरून उतरलेलं कापड तपासायचं काम चालतं. कापड उजेडात धरून वरून खाली बघत जायचं आणि जिथं धागा सुटलाय तिथं खडूची खूण करायची. लेखही तो तसाच बघत होता. बराच वेळ झाला तरी तो मान वर करेना, म्हणून मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

"मॅडम, इकडे खूण करू की नको?" त्यानं हळू विचारलं. "ये गोल घूम रहा है."

लेखाचा इतिहास बघता येतो, कोणतं वाक्य कधी आलं ते त्यात दिसतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. वैष्णवीचं वाक्य साप्ताहिकातल्या लेखाच्या बरंच आधीचं होतं. तेव्हा त्यावर कुणीतरी "संदर्भ हवा" अशी खूण केली होती. पुढं साप्ताहिकाच्या वार्ताहरानं ते वाक्य ज्ञानकोशातून जसंच्या तसं उचललं, आणि वैष्णवीनं आनंदानं तेच छापील वाक्य पुरावा म्हणून खाली लावलं. तिला वाटलं, त्यानं कुठं तरी चौकशी केली असणार.

सुहैलनं तिला दाखवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "पन खरं हाय ते," ती म्हणाली. "मी लहानपणापासून ऐकतेय."

"खोटं कोण बोललं?" सुहैल म्हणाला. "बस, वो तेरा ही बोला हुआ है."

धवल्यावर पुस्तकं आहेत, बाकीच्या लेखाला काहीच धोका नव्हता. प्रश्न त्या एका वाक्याचा होता. नियमानं ते जायला हवं. ते गेलं, तर जिच्या नावानं बोलावणी यायला लागली ती आजी पुन्हा "बस कर"वर येईल, ही भीती त्या मुलीच्या डोळ्यांत स्पष्ट होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "वैष्णवी, वाक्य तुझं आहे. काय करायचं ते तू ठरव."

खारबावला रेल्वे स्टेशन आहे, पण गाडीच्या वेळा सोयीच्या नव्हत्या, म्हणून आम्ही रिक्षानं गेलो. वाटेत गोदामं विरळ होत गेली आणि खाजण (खाडीलगतची खारी जमीन) दिसायला लागलं. वैष्णवी सारखी फोनवर तेच पान उघडून बघत होती.

घर पक्कं, नव्या लाद्यांचं. देव्हाऱ्याशेजारी साप्ताहिकातल्या लेखाचं कात्रण प्लास्टिक लावून, फ्रेम करून टांगलेलं. त्याला हारही घातला होता. मी चपापून आजीकडे बघितलं, तर त्या ठणठणीत, चुलीपुढं तांदळाची भाकरी थापत बसलेल्या.

"ये गो बाय, बस. पाय धुतलेस? माझे पोरीला शिकवतंस ना तू? तिनं माझा नाव लिवलाय. मना वाचता येत नाय, पन कुठं हाय ते म्हाईत हाय." त्यांनी पिठाच्या बोटानं फ्रेमच्या मधोमध खूण केली. बोट बरोबर नावावर होतं.

जेवायला भाकरी, खाडीच्या कोलंबीचं कालवण आणि सुकट. त्या कालवणाबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही, कारण मालतीबाई शाकाहारी आहेत आणि हे त्या वाचणार आहेत. जेवता जेवता मी आजींना विचारलं, "लूमचं कडवं तुम्ही कसं रचलंत?"

"आमचे यांनी शेती सोडली नि लूमवर ड्युटी धरली. त्या साली पुतनीचा लगीन होता. धवला म्हनताना देवांचे शालूवर आली, नि मना वाटला, हा शालू बी आमचे यांनीच विनला असंल. तसाच म्हनला. बाया हसल्या. पन पुढचे लग्नाला त्यांनीच बोलल्या, तो लूमचा म्हन."

आणि भाकरी उलटता उलटता त्या म्हणाल्या,

"भिवंडीचे लूमवर शालू गो विनिला,
पयला धागा गनरायाला दिला."

आवाज बारीक, पण हलत नव्हता. वैष्णवी पानावरून उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली. मला वाटलं, सांगून टाकावं, राहू दे ते वाक्य, कुणाला कळणार आहे? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी आणखी कालवण वाढून घेतलं.

नाशिकला परतल्यावर मालतीबाईंना अभ्र्यांचं कापड दिलं, चप्पल शिवून आणली, आणि मग वैष्णवीच्या लेखाचं पान उघडलं. वाक्य नव्हतं. इतिहासात बदलाचं कारण लिहिलं होतं: "वाक्य काढले. स्रोत मीच होते."

मी फोन लावला. "आजींना सांगितलंस?"

"सांगितलं, मॅडम. लय बोलली. माझा नाव माझेच नातीनं खोडला, बोलली. रात्री जेवली पन न्हाय. सकाळी मी विचारलं, आजी, कात्रण काढू काय भिंतीवरनं? तर बोलली, हात लाव, बघतंय तुना. तुझे कोशात नसंल, माझे भिंतीवर हाय."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. "आणि बोलावणं? त्या शेजारच्या गावचं?"

"ते हाय. त्यांनी कोश कुठं वाचलाय, मॅडम? सुहैल पन येणार हाय लग्नाला. आजी बोलली, ज्यानं माझा नाव काढवला त्याला आन, मना बघायचाय तो."

दोन दिवस मी त्या मुलांना सांगत होते, की कानांनी ऐकलेलं ज्ञानकोशात लिहायचं नसतं, छापून आलेलं लिहायचं. आता मी स्वतः ऐकून आले आहे आणि मलाही ते तिथं लिहिता येत नाही. प्रवासवर्णनात मात्र ऐकलेलं लिहायला कुणाची ना नसते, आणि हे छापून येणार आहे. म्हणून लिहिते: धवल्यात लूमचं कडवं आपण रचलं, असं खारबावच्या धवलारीण हिराबाई भोईर यांनी मला, मी विचारल्यावर, भाकरी भाजताना सांगितलं आणि म्हणून दाखवलं.

वैष्णवी, हे तू स्रोत म्हणून लावू नकोस. सुहैलला तपासायला दे. त्याला पटलं, तर तो लावेल.