नसलेली चाई

"ए पार्लरवाले! बाहेर ये आधी! कावून केलं गं माझ्या लेकीचं असं? पोरगी दिलती का मेंढी दिलती भादरायला?"

गयाबाई माझ्या दुकानाच्या पायरीशी उभी होती. डाव्या हातात लेकीचं मनगट, उजवा हात हवेत. शिरूर कासारच्या स्टँडसमोर चहा पिणारी सगळी माणसं पेले हातात धरून वळली. सुटायला निघालेली बीडची एसटी थांबली, कंडक्टरनं घंटीची दोरी सोडली, आणि तारेवरचे कावळेसुद्धा ओळीनं आमच्याकडं तोंड करून बसले. — नाही, थांबा. एसटी नव्हतीच तेव्हा. कावळ्यांचंही मला काही आठवत नाही. हे असं होतं माझं.

आज तरी जसं झालं तसंच सांगायचं ठरवून बसले आहे. त्या पायरीवर पुढच्या दोन मिनिटांत मी जे बोलले ते खोटं होतं — हे मी एकीशिवाय आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही. आईजवळ नाही, ती शेवटची आजारी होती आणि रोज माझा हात धरून बसायची, तेव्हाही नाही. त्या एकीनंतर तुम्हालाच सांगते आहे. तुम्हालाच का, ते मात्र मला नीट सांगता येणार नाही.

गावात मला निमाताई म्हणतात. आणि निमाताई थापा मारते, हे अंगणवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे. दुकान उघडलं तेव्हा पाटीवर 'पुण्याहून शिकून आलेल्या' असं रंगवून घेतलं. पुण्याला मी एकदाच गेले होते, मावसबहिणीच्या लग्नाला. शिकले बीडला, दोन महिने, आणि बाकीचं मोबाईलवर बघून. पण खुर्चीत बसलेल्या बाईला मी सांगायचे — पुण्यात एकीचे केस एवढे दाट होते की सकाळी आत घातलेला कंगवा मला संध्याकाळी सापडला. दुसरीचे एवढे विरळ की मोजून कापले, आणि एक जास्त गेला म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. बायका हसायच्या. खरं कुणीच मानायचं नाही. मग त्यात कुणाचं काय जातं? — असं मला वाटायचं.

त्या वर्षी पोरींना शॅगचं वेड लागलं होतं. डोक्यावर आखूड थर, खाली लांब थर, कपाळावर बटा, आणि सगळं असं विस्कटलेलं की पोरगी आत्ताच झोपेतून उठून आली. आया त्याला झिपऱ्या म्हणायच्या. "झिपऱ्या तर घरीच होतेत की, त्याला पार्लर कशाला?" पण पोरी मोबाईल पुढं धरायच्या — ताई, अस्संच पाहिजे. मोबाईलमधली बाई दर वेळी तीच. रेशमासारखे सरळ केस. आणि खुर्चीतलं डोकं? ते दर वेळी वेगळं.

आज मला विचाराल तर डोळे मिटून सांगेन. पातळ, सरळ केसांना थर थोडेच द्यायचे, नाहीतर खालचं टोक उंदराच्या शेपटीसारखं लोंबतं. वाळवताना मान खाली घालून मुळांना वारा द्यायचा, म्हणजे जरा फुगतात. लाटा असलेल्या केसांना हा कट जन्मजात शोभतो. ते जुन्या सुती बनियनमध्ये मूठमूठ दाबून टिपायचे, टॉवेलनं खसाखसा पुसायचे नाहीत. राठ, जाड केसांचं ओझं आतून कमी करायचं, वरून नाही. आणि कुरळे — कुरळ्यांना ताणायचं नाही, एकेक बट जशी पडते तशी बघायची आणि कोरडीच कापायची. मग जवस उकळून जो चिकट रस निघतो तो लावून मोकळे सोडायचे. कुरळे केस ओले असले की खोटं बोलतात. वीतभर लांब दिसतात, वाळले की वीतभर वर जातात.

हे आज येतं. तेव्हा येत नव्हतं. आणि येत नाही एवढं म्हणायची माझी तयारी नव्हती.

शीतल ही गयाबाईची थोरली लेक. सतरा-अठराची असेल. घरचे सगळे दर वर्षी ऊसतोडीला जायचे, आणि टोळी निघायला चार दिवस राहिले होते. तिचे केस — यात थाप नाही — कमरेपर्यंत, काळेभोर, एकेक बट स्प्रिंगसारखी. टोळीत तिला मान होता तो त्या केसांमुळं आणि तिच्या हातामुळं. तोड बंद असेल त्या दिवशी बायका आपापल्या कोप्यांपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढं, एकीमागं एक अशा रांगेत बसतात आणि प्रत्येक जण पुढचीची वेणी घालते. शीतलच्या पुढं बसायला भांडणं व्हायची. महिन्याचा गुंता डोळ्यांत पाणी न आणता सोडवावा तो तिनंच.

ती माझ्याकडं आली ते केस हलके करायला. उसाचं पाचट अडकतं, धुवायला पाणी नसतं. हातात मैत्रिणीचा मोबाईल, त्यात तीच ती रेशमी बाई. "खांद्याखाली राहू द्या," एवढं म्हणाली. मी पाण्याची बाटली उचलली तशी हळूच म्हणाली, "ताई, मपले केस वाळले की लई वर जातेत. कोरडेच कापा की."

दुकानात आणखी तीन बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ही पोर मला शिकवणार? पुण्याहून शिकून आलेल्या निमाताईला?

"तू कोयता धर, बाई. कात्री मी धरते," मी म्हणाले.

बायका खो-खो हसल्या. शीतलही हसली. थोडी.

मी केस चिंब भिजवले. कंगव्यानं ताणून सरळ केले. खांद्याखाली दोन बोटं धरून कापले, वरचे थर त्याहून आखूड. मग मानेवरची लव साफ करायला मशीन घेतलं, आणि त्या तिघींना पुण्याची कसली तरी गोष्ट सांगण्याच्या भरात ते वर घसरलं. डाव्या कानामागं रुपयाएवढी जागा सफाचट झाली. शीतलचा हात तिथं गेला. आरशात आमची नजरानजर झाली. मी वरचे केस त्या जागेवर ओढले आणि ओरडले, "झालं! हिरोईन!"

ओल्या केसांत छान दिसत होती. खरंच दिसत होती. बाहेर ऊन रणरणत होतं. घरी पोचेपर्यंत एकेक बट आत वळत वर चढत गेली, आणि गयाबाईनं दार उघडलं तेव्हा लेकीचे केस कानाच्या वर, चहूबाजूंनी उभे. तासाभरात दोघी माझ्या पायरीवर.

आता त्या पायरीवर परत येते. एवढं लांबून फिरून आले, कारण तिथं यायचंच नव्हतं.

काय म्हणायला हवं होतं? चुकलं माझं. दोन शब्द. पोरगी सांगत होती, मी ऐकलं नाही. पण दुकान उघडून महिना झाला नव्हता, समोर अख्खं शिरूर जमलं होतं — बरं, पंचवीसेक माणसं — आणि माझी जीभ कधी अडली आहे? मी शीतलला जवळ ओढलं. तिची मान वाकवली, कानामागचे केस वर केले आणि ती सफाचट जागा सगळ्यांना दाखवली.

"वरडता काय, गयाबाई? हात जोडा मला! ही बघा चाई! केस खात चाललीय. तुमाला घरात दिसली न्हाई, मला दिसली. आखूड केले म्हणून वाचली, न्हाईतर दिवाळीपत्तुर बोडकी झाली असती!"

चाई म्हणजे डोक्यावर केस जाऊन पडणारा गोल चट्टा. आमच्याकडं ती लागट समजतात. एका कंगव्यातून दुसऱ्या डोक्यात जाते म्हणतात. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर तो शब्द तोंडात आला ना?

गयाबाईचा हवेतला हात खाली आला. तिनं वाकून बघितलं. आणि जिच्या ओरडण्यानं स्टँड गोळा झाला होता ती बाई एकदम बारीक आवाजात म्हणाली, "दुसऱ्याला लागती का, ताई?"

अजून वेळ होता. इथं थांबता आलं असतं. मी म्हणाले, "कंगवा येगळा ठेवा."

शीतलची मान माझ्या हातात होती, वाकवलेली. मशीनचा गार पत्रा तिच्या कातडीला लागला होता. तिथं काय झालं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बोलली असती तरी तिचं कोण ऐकणार होतं? तिला तर मी आधीच सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलं होतं.

टोळी गेली. पायरीवरची माणसं दुसऱ्या दिवशी माझी तारीफ करायला लागली — निमाताईची नजर काय हो, डॉक्टरला दिसत नाही ते तिला दिसतं! मी ती तारीफ घेतली.

उन्हाळ्यात टोळी परतली. त्यातली द्वारका भुवया कोरायला आली. माझ्या दातांत दोरा, तिचे डोळे मिटलेले, आणि तोंड चालू.

"निमाताई, तुमचे उपकार हायेत बरं का. तुमी सांगितलं नसतं तर आमच्या सगळ्यांच्या डोक्यात शिरली असती ती चाई."

मग ती सांगत गेली. शीतलला वेणीच्या रांगेत कुणी बसू दिलं नाही. तिचा कंगवा सुतळीला बांधून कोपीबाहेर टांगलेला. धाकटी बहीण तिला चिकटून निजायची, तिलाही उचलून दुसरीकडं नेलं. अख्खा हंगाम तिनं कुणाच्या केसांना हात लावला नाही, की कुणी तिच्या.

"आन् गयाबाईनं जायच्या आधीच बिब्बा लावलता तिथं. लई उतला. पोरगी जिवाच्या आकांतानं वरडायची. पर चाई थांबली हो. पसरली न्हाई."

बिब्ब्याचं तेल कातडीवर उतलं की भाजल्यासारखे फोड येतात. मशीननं गेलेले केस पंधरा दिवसांत आपोआप उगवले असते. तिच्या आईनं माझ्यावर विश्वास ठेवून ती जागा जाळली होती.

माझ्या दातांत दोरा होता. दोरा सोडायला किती वेळ लागतो? मी मान हलवली आणि दुसरी भुवई घेतली.

एकदा मी सांगितलंही. सांगितलं — म्हणजे काय म्हणू? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, पंधरा बायकांत, मोठ्यानं म्हणाले, "अगं, ती शीतलची चाई मीच केलती मशीननं!" कंगवा संध्याकाळी सापडल्याची गोष्ट ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात. बायका हसून लोळल्या. "निमाताई, कायबी बोलता तुमी!" त्या हसणार हे मला ठाऊक होतं. हसाव्यात म्हणूनच तर तो आवाज लावला. आयुष्यात हजार थापा मारल्या, गावानं एकही खरी धरली नाही. धरली ती ही एकच. घरी जाताना मला वाईट वाटत होतं — आणि कुणाचं, माहीत आहे? माझं. मी खरं बोलले तरी कुणी मानत नाही, याचं.

त्यानंतर मी कुरळे केस कधी ओले कापले नाहीत. पार तलवाड्याहून पोरी येतात आता. कुरळ्या केसांचा शॅग निमाताईनंच करावा म्हणतात. कुठं शिकलात, ताई? — पुण्याला. अजूनही हेच सांगते.

गेल्या महिन्यात शीतल आली. लग्न होऊन लिंबागणेशला असते, पोरगी आहे चार वर्षांची. केस पुन्हा कमरेपर्यंत. खुर्चीत बसली, म्हणाली, "शॅगच करा." मी केस विलग करायला डाव्या कानामागं हात घातला. रुपयाएवढी जागा. गुळगुळीत, चकचकीत, एक केस नाही. तेव्हा नव्हती ती आता होती, आणि बरोबर मी दाखवली होती तिथंच.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. असतं तर मी बोलले असते का? नसते. तेही इथं लिहून ठेवते. आधीच्या बाईचे सरळ केस कापून झाले होते, पाण्याची बाटली माझ्या हातातच राहिली होती. आरशात न बघता मी म्हणाले, "शीतल, तुला चाई नव्हती. माझं मशीन घसरलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

तिनं हात मागं नेला, ती जागा एकदा बोटानं चाचपली, हात परत मांडीवर ठेवला. मग माझ्या हातातल्या बाटलीकडं बघितलं.

"मलाबी," ती म्हणाली. "पाणी नका मारू, ताई. कोरडेच कापा."