मिस्त्री म्हणाला, नवा टाका

परीक्षेच्या वर्गात कॉप्या पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे सरळ वागणाऱ्या माणसाचाच मला जास्त संशय येतो. बायको म्हणते, रिक्षावाल्यानं जवळच्या रस्त्यानं नेलं तरी हे विचारतील, आज असं कसं? म्हणू दे बापडीला.

गेल्या हिवाळ्यात वडिलांची जुनी पेट्रोल जीप घेऊन मी लातूरहून नांदेडला गेलो. जीप सरकारी लिलावातली. वडील गेले, मग तिचे टायर गेले, हूड गेलं, सीटा गेल्या, इंजिनाच्या पोटातलंही बरंच काही बदललं. वडील दर रविवारी स्वतः उघडून पेट्रोलमध्ये धुवायचे तो कार्बोरेटर तेवढा उरला होता, आणि आता तोच कुरकुरत होता. तोही टाकून दिला तर हिला वडिलांची जीप कोणत्या तोंडानं म्हणायचं?

नांदेडला मुद्दाम गेलो, कारण वडील तिथल्या एकाच मिस्त्रीचा हात या जीपला लागू देत. गॅरेज तो एकटाच चालवतो, वय सत्तरीचं. बाकीचे मशीन लावून बघतात, हा नुसतं ऐकून इंजिनाचा सूर लावून देतो, असा त्याचा लौकिक. त्यानं बॉनेट उघडलं, टॉर्च मारली आणि मिनिटभरात निकाल दिला.

"सर, नवा टाका. दिल्लीहून मागवता येतो."

"हा दुरुस्त होणार नाही का?"

"हुतो की. पर नवा टाका."

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुरुस्त होतो आणि तरी नवा? जुन्या गाड्यांचे शौकीन असले अस्सल भाग हुडकत हैदराबादहून येतात, हे मी ऐकून होतो. मी विचारलं, "आणि जुन्याचं तुम्ही काय करणार?" तो मान खाली घालून नट बघत होता. बोलला नाही. पुन्हा विचारलं, तरी गप्पच. मग मी हट्टाला पेटलो. त्याच्या समोर जाऊन दुरुस्तच करा म्हणून सांगितलं.

"बरं. मग हितं थांबू नका. चहा घ्या, निवांत या."

पेपर अर्धा झाल्यावर पाणी प्यायला जाऊ का विचारणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्याची पाठ वळताच, बदलला तर ओळखू यावा म्हणून मी कार्बोरेटरच्या बुडाला खिळ्यानं बारीक फुली मारली आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात खांबाआड बसलो. दोन चहा तसेच गार झाले.

तो खरंच काम करत होता. एकेक भाग धुतला, पेट्रोलच्या जेटची बारीक भोकं उजेडाला धरून पाहिली, झिजलेले बूश काढून नवे ठोकले, कार्बोरेटर बसवून जीप चालू केली. मग त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्बोरेटरवर टेकवलं आणि त्याची लाकडी मूठ दातांत घट्ट धरली. डोळे मिटून डाव्या हातानं हवेचा स्क्रू फिरवत राहिला.

मला हे काही नीट वाटेना. रस्ता ओलांडून मी त्याच्या पाठीशी उभा राहिलो आणि हाक मारली. मग मोठ्यानं मारली. चार दुकानं सोडून बसलेल्या पंक्चरवाल्यानं वळून पाहिलं, मिस्त्रीनं नाही.

त्याला ऐकू येत नव्हतं. तो इंजिन दातांनी ऐकत होता. सकाळी तो माझ्या तोंडाकडं बघत होता तोवर उत्तरं आली. मान खाली गेली आणि मी त्याला चोर ठरवून मोकळा झालो. मला स्वतःची शरम वाटली.

डोळे उघडल्यावर त्याला मी दिसलो. लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"दोन वरसं झाली," तो म्हणाला. "कुणाला बोलू नका सर, गिऱ्हाईक तुटंल." मग जीपकडं बोट केलं. "कशी चालून राहिली?"

दर चार-पाच ठोक्यांनी एक ठोका गळत होता. मला स्वच्छ ऐकू येत होता. मी म्हणालो, "एकदम झकास."

दिवसभर मी त्याच्याकडं जसं पाहत होतो, तसंच त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमचे वडील मला कधी खोटं बोलले न्हाईत. खरं सांगा."

"अडखळते," मी म्हणालो.

तो पुन्हा वाकला. दात, स्क्रू, मग माझ्या तोंडाकडं बघणं. थोडं जास्त, थोडं कमी, याच्यापुढं मला शब्द सापडेनात. त्याला जे लागत होतं ते सांगून कळण्यातलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी खरं तेच सांगितलं, अडखळते. तासाभरानं त्यानं चावी फिरवून जीप बंद केली.

"म्हणून सकाळी म्हणलो, नवा टाका. तो कंपनीतनं सूर लावूनच येतो, कान लागत न्हाई."

"मागवतो," मी म्हणालो. "पण बसवायला तुमच्याकडंच आणणार."

तो फडक्याला हात पुसत होता. माझ्याकडं बघून हसला.

"कशाला सर? नवा कुणीबी बसवतंय."