नर्सबाईंचा उंट

माझा मामा सोफे दुरुस्त करायचा. स्प्रिंगा बसवायच्या, पट्टे ताणायचे, नवं कापड चढवायचं. जुन्या सोफ्यांमुळेच त्याची मोहेरशी ओळख झाली. अंगोरा शेळीच्या केसांचं हे कापड साठ वर्षांनीही हात फिरवला की उजळतं. पूर्वी त्याचे खेळण्यातले प्राणीसुद्धा शिवत. आत लाकडाचा बारीक कीस ठासलेला आणि डोळ्यांच्या जागी बुटाच्या काळ्या गुंड्या. असले प्राणी मामा जमवायचा. त्याच्याकडे अस्वलं होती, माकडं होती, एक गाढव होतं, एका कानाचा ससा होता. पाहुणे आले की मामी कपाटाचा पडदा ओढून घ्यायची. "पन्नाशीचा बाप्या बाहुल्या खेळतो म्हणतील लोक," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पुढचं मला मामानेच सांगितलं. सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त नर्सबाई लेकीबरोबर राहायच्या. दृष्टी अधू झालेली, पण बाकी खणखणीत. एके दिवशी त्या दुकानात आल्या आणि पिशवीतून एक उंट काढून टेबलावर ठेवला. एक पाय उसवलेला, कीस गळत होता.

"माझ्या धाकट्या भावाचा," त्या म्हणाल्या. "याच्या पाठीवर हनुवटी टेकवून झोपायचा. सातव्या वर्षीच गेला. तुमचा हात चांगला आहे म्हणतात, म्हणून आणला."

मामाने उंट उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. तसा उंट त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही एका जुन्या सूचीपत्रातल्या चित्रात. नुसता पाय शिवायला अर्धा तास पुरला असता. त्याने पंधरा दिवसांची मुदत मागितली.

त्या पंधरा दिवसांत त्याने दुसरा उंट शिवला. एका मोडीत काढलेल्या सोफ्याचं मोहेर घेतलं, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलं, मानेपाशी घासून टक्कल पाडलं. पाठीवरच्या उंचवट्यामागे, म्हणजे मदारीच्या मागे, भावाच्या हनुवटीने पडलेला खळगा होता, तोसुद्धा दाबून दाबून केला. "इतकं मन लावून मी कुणाचा सोफासुद्धा शिवला नव्हता," मामा म्हणाला.

बाईंनी नवा उंट हातात घेतला, नाकाशी नेला. "वास गेला हो याचा. धुतलात का?"

"हो, थोडा पुसून घेतला."

"हो का? तुम्हाला उगाच जास्तीचं काम पडलं," बाई ओशाळून म्हणाल्या. खरा उंट तेव्हा पाठीमागच्या फडताळात होता.

तो कपाटात मांडायचा धीर मामाला झालाच नाही. मामीलाही सांगितलं नाही. दुपारी दुकान रिकामं असलं की तो फडताळ उघडायचा, बघायचा आणि लगेच लावून टाकायचा.

तीन महिन्यांनी बाईंची लेक खुर्ची घेऊन आली. मामाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

"कसल्या बऱ्या? डोक्यावर परिणाम झालाय. तो उंट हातात घेते आणि म्हणते, हा आपला नाही, याचा खळगा कुठे गेला? तुम्ही दुरुस्त केलेला तोच आहे म्हणून सांगितलं, तर म्हणते, मग माझे हातच मला फसवायला लागले. चाळीस वर्षं नाडी बघितलेली बाई! डॉक्टरांना दाखवलं. आता स्वयंपाकघराला कुलूप घालून कामावर जाते. गॅस उघडा राहिला तर काय घ्या?"

मामाच्या लक्षात आलं. नवा कीस दाबला तरी हळूहळू फुगून वर येतो. खळगा भरून आला होता. ही गोष्ट सोफेवाल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

आठ दिवसांनी तो पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेला. लेकीसमोरच म्हणाला, "बाई, हा तुमचा. तुमच्याकडे आहे तो मी शिवलेला. तुमच्या हातांना काही झालेलं नाही."

लेक नको नको ते बोलली. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा अंगठा मदारीच्या मागे गेला आणि तिथेच थांबला. त्या लेकीला म्हणाल्या, "आधी ते कुलूप काढ." मग मामाकडे तोंड करून म्हणाल्या, "रोज सकाळी उठले की स्वतःलाच वार विचारायचे मी. बरोबर आला तरी खरा वाटायचा नाही." एवढंच. खोटा उंट त्यांनी त्याच्या पुढ्यात सरकवला.

घरी येऊन त्याने मामीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबवून तिने विचारलं, "लेकीने सांगितलं त्याच दिवशी गेलात?"

"नाही. आठ दिवसांनी."

"आठ दिवस? ते कशाला लागले हो तुम्हाला?"

"अजून आठ दिवस तो माझ्याकडे राहील, एवढंच मनात होतं," असं काहीसं मामा मला सांगताना पुटपुटला आणि दुसऱ्याच कामाला लागला.

बाई पुढे सहा वर्षं जगल्या. रस्त्यात मामाच्या पावलांचा आवाज त्या ओळखायच्या आणि आपणहून म्हणायच्या, "काय, बरे आहात ना?" मामा "हो" म्हणायचा. आणि भराभर चालू लागायचा.