बुडालेलं लाकूड

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर असणाऱ्या बाईंना माझं सगळं ठाऊक असतं, पण हे नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आले की गोष्ट काही फार मोठी नाही. एका टबात लाकडाचा एक तुकडा बुडाला — झालं तर इतकंच.

मी पहिली-दुसरीला शिकवते. रोज वाशीमहून स्कुटीने अनसिंगच्या पुढच्या एका गावात जाते. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या भागात माझं नाव आहे ते ‘प्रयोगवाल्या मॅडम’ म्हणून, आणि हे नाव मला आवडायचं — खोटं कशाला बोलू? ओल्या फडक्यात मटकी बांधायची, भिंगातून मुंगी बघायची, लोहचुंबक मातीतून फिरवायचा. आणि पोरांच्या सगळ्यात लाडाचा निळा टब. त्यात काय बुडतं, काय तरंगतं ते बघायचं. माझा नियम एकच होता : आधी अंदाज सांगा, मग करून बघा, आणि डोळ्यांना दिसलं तेच बोला. पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची.

पहिलीत आफरीन होती. तिचे वडील गावातले सुतार. ती रोज फ्रॉकच्या खिशातून काहीतरी आणायची. कधी सीताफळाची बी, कधी सायकलचा छर्रा, कधी कोंबडीचं पीस. सगळं टबात टाकून बघायची. कौतुकाची पोरगी, नाही? पण मला ती कधीकधी नकोशी व्हायची. तिच्यामुळे धडा लांबायचा, आणि माझं ठरलेलं सगळं विस्कटायचं.

महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. त्याला शिक्षण परिषद म्हणतात. तिथे कोणीतरी आदर्श पाठ घेऊन दाखवायचा असतो. त्या वेळी परिषद आमच्या शाळेत होती आणि पाळी माझी. मग मी काय केलं? पाठाची तालीम घेतली. आठवडाभर त्याच वस्तू — पान, खडा, चमचा, बाटलीचं झाकण, पेन्सिल. पोरांना उत्तरं पाठ झाली. एवढंच नाही, दोघांना मी मुद्दाम चुकीचा अंदाज सांगायला शिकवलं. म्हणजे सगळं खरं वाटेल.

पाठ छान रंगला. मागच्या सतरंजीवर शिक्षक बसले होते, खुर्चीवर या सगळ्या शाळा तपासणारे केंद्रप्रमुख साहेब. एरवी मी पोरांशी वऱ्हाडीतच बोलते, त्या दिवशी अगदी पुस्तकातलं बोलत होते. शेवटी विचारलं, लाकूड काय करेल? सगळा वर्ग ओरडला, तरंगेल. मी पेन्सिल उचलणार, तेवढ्यात आफरीन उठली. खिशातून तांबूस काळपट लाकडाचा एक ठोकळा काढला आणि मी नको म्हणायच्या आत टबात सोडला.

तो सरळ तळाशी गेला. टक असा आवाजही झाला.

मागे कोणीतरी हसलं. दुसऱ्या शाळेतले एक सर, माझ्या बरोबरीचे, त्यांनी गोड आवाजात विचारलं, हे कसं काय मॅडम? उत्तर सोपं होतं. मला माहीत नाही, चला शोधू या. प्रशिक्षणात दुसऱ्यांना हेच वाक्य मी शिकवलं होतं. ते आठवलं नाही असं म्हणू का? आठवलं होतं. ओठापर्यंत आलं होतं — मी गिळलं.

मी म्हणाले, याच्या आत खिळा आहे.

आफरीनने ठोकळा पाण्यातून काढला, उलटापालटा करून बघितला. तिला वाटलं असावं, मॅडमची नजरचूक झाली.

“नाही मॅडम, लाकूडच हाय हे. अब्बानं तासलं तवा म्या पाह्यलं.”

“आफरीन, खोटं बोलू नये. लाकूड तरंगतं.”

मग मी वर्गाकडून ते म्हणवून घेतलं. लाकूड तरंगतं, लाकूड तरंगतं. ती हातातल्या ठोकळ्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं, मग खाली बसली. टाळ्या वाजल्या. साहेबांनी शेरा चांगला दिला.

शाळा सुटताना ठोकळा मी तिच्याकडून मागून घेतला आणि पर्समध्ये टाकून घरी आणला. बादलीत सोडला, बुडाला. चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवला, कुठेच चिकटला नाही. मोबाईलवर शोधलं, तर अंजनाचं लाकूड इतकं जड असतं की पाण्यात बुडतं. आपल्याच जिल्ह्याच्या रानात ही झाडं आहेत. म्हणजे संध्याकाळपर्यंत मला सगळं कळलं होतं. खोटं कोण बोललं, हेही.

दुसऱ्या दिवशी टब मांडून पाच मिनिटांत सगळं निस्तरता आलं असतं. नाही मांडला. ठोकळा वर्गातल्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. पोरं घरी सांगतील, गावात बोलणं होईल, त्या सरांच्या कानावर जाईल. माझं नाव जाईल — बाकी काही कारण नव्हतं. तोवर वर्गात पोरं तिला ‘खिळा’ म्हणायला लागली होती. मी ते ऐकत होते. एकदाही कोणाला दटावलं नाही.

आफरीनने रुसवा धरला नाही. शाळा चुकवली नाही. फक्त खिशातून काही आणणं थांबलं. टबाभोवती सगळी पोरं पाण्यात डोकावायची, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी खुश दिसले की मग उत्तर द्यायची, आणि तिचं उत्तर बरोबर असायचं. धडा आता वेळेत संपायचा. मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते.

वर्षअखेरीला पहिलीची तोंडी परीक्षा असते. एकेकाला टेबलाजवळ बोलवायचं. आफरीन आली. छापील प्रश्नांत तोच होता : लाकूड पाण्यात टाकलं तर काय होईल? मी तो गाळू शकत होते. वाचला.

तिने टबाकडे बघितलंच नाही. हात मागे बांधून माझ्याकडे बघत म्हणाली, “तरंगते, मॅडम.”

ठोकळा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. अजूनही आहे. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.